पालकाची सही

"पालक न्हाई, पोरगा हाय मी इथला."

छातीवर आडवा हात, मान जराशी खाली, आणि आवाज असा की चूक समोरच्याची नसून आपलीच झाली आहे. जालन्याच्या आयटीआयमधल्या दोन वर्षांत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं ते मोजलं नाही. मोजायचं खातं माझ्याकडं नव्हतंच, ते त्याच्याकडं होतं. ते पुढं सांगतो.

पहिल्यांदा ऐकलं ते प्रवेशाच्या दिवशी, फाटकावर. वॉचमन पोरांना आत सोडत होता आणि पालकांना लिंबाखाली बसवत होता. माझ्या वडलांना त्यानं लिंबाखाली पाठवलं आणि त्यांच्या मागच्या माणसालाही तिकडंच हात केला. अडतीस-चाळीसचं वय, कानापाशी पिकलेले केस, भरघोस मिशी, पायात मिलमधले जाडजूड बूट, काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल. तो काही हलेना.

"पोरगा कुठंय तुमचा?" वॉचमननं विचारलं.

"मीच हाय."

"अहो, पोरगा! ज्याची अॅडमिशन आहे तो!"

"तेच सांगून राह्यलो ना भाऊ. पालक न्हाई, पोरगा हाय मी इथला."

रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. मीही हसलो. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी सकाळपासून मला आलेलं ते पहिलं हसू होतं.

कारण मी तिथं आलो होतो ते तोंड पाडून. आमच्या हसनाबादच्या शाळेत आमची चौकडी होती. बालवाडीपासून दहावीपर्यंत चौघं एका बाकावर, आणि बाक तिघांचा. दहावीनंतर सोमनाथ आणि बाकीचे दोघं भोकरदनला अकरावी सायन्सला गेले. मला मार्क त्यांच्याइतकेच होते, पण वडलांनी आयटीआयचा फॉर्म भरला. "हाताला काम पाहिजे," एवढंच म्हणाले आणि विषय संपला. आमच्या घरात विषय असेच संपतात. फिटर ट्रेड मिळाला. फिटर म्हणजे नेमकं काय करतो हे मला माहीत नव्हतं, वडलांनाही नव्हतं. पण मशीनशी संबंध आहे म्हणजे चांगलंच असणार, अशी त्यांची खात्री होती.

मशीन पहिले दोन महिने दिसलं नाही. दिसला तो व्हाईस, म्हणजे टेबलावर ठोकलेला लोखंडी शिकंजा, आणि हातात आली कानस. लोखंडाचा एक चौकोनी तुकडा शिकंज्यात धरायचा आणि कानशीनं घासत बसायचं. कडा एकमेकींशी बरोबर काटकोनात येईपर्यंत. एका व्हाईसवर दोघं. आणि माझ्या नशिबी कोण यावं? तुम्ही ओळखलंच असेल.

आम्ही त्याला मामा म्हणायचो. पहिल्या दिवशी चेष्टेनं, मग सवयीनं, मग खरोखर. मामा मात्र कोणाला नावानं हाक मारत नसे, गावानं मारी. मी हसनाबाद. खिडकीजवळचा मंठा. परतूरचे दोघं होते, तर एक मोठा परतूर आणि एक धाकटा परतूर. धाकटा परतूर वयानं मोठा होता, पण उंचीनं कमी, त्यामुळं तक्रार करून उपयोग नव्हता. मामा स्वतः वडीगोद्रीकडचा. तिथलं घर सोडून एमआयडीसीजवळ एका खोलीत बायको आणि पोरीला घेऊन राहायचा. सकाळी आयटीआय, आणि दुपारपाळीला लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये हेल्पर. जेवायचा कधी, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

एकदा मी विचारलं, "मामा, गावाची नावं का घेता? आम्हाला नावं न्हाईत का?"

"मिलमदी मला अठरा वर्षं झाले, 'ए' म्हणत्यात," तो कानशीला खडू लावत म्हणाला. "म्हणून मी कोणाला ए म्हणत न्हाई. आता पंचवीस पोरांची नावं मला ध्यानात राहीनात. गाव कसं, एकदा ऐकलं का पक्कं."

आणि मोजणं. मामाच्या घरी पूर्वी मेंढरं होती. दहावी पास झाला आणि वडलांबरोबर कळपामागं गेला. एका वर्षासाठी म्हणून गेला, परत शाळेकडं फिरकायला सवडच मिळाली नाही. मेंढरं गेली, मोजायची सवय राहिली. रोज सकाळी वर्कशॉपमध्ये शिरला की दारातच थांबायचा आणि हनुवटी थोडी थोडी हलवत सगळ्यांवरून नजर फिरवायचा. बोट दाखवून मोजायचं नाही, मोजलेलं घटतं, असं त्याचं म्हणणं. मग म्हणायचा, "बराबर हाय," किंवा "एक कमी हाय." सर हजेरी घेत ती त्यानंतर. हजेरीत आणि मामाच्या मोजणीत कधी फरक पडला, तर सर पुन्हा हजेरी घेत.

पण पहिले दोन महिने मला हे सगळं गोड वाटत होतं, असं समजू नका. मला लाज वाटायची. सोमनाथचा फोन यायचा, "काय रे, नवीन दोस्त झाले का?" आता काय सांगू? नवा दोस्त झालाय, त्याला सातवीतली पोरगी आहे? आमच्या शाळेच्या ग्रुपवर कॉलेजच्या कँटीनचे फोटो पडायचे. मी माझ्या काळ्या झालेल्या हातांकडं बघायचो आणि फोन खिशात टाकायचो.

शिवाय तो लोखंडाचा तुकडा. सोपं वाटतं ना घासणं? करून बघा. नवशिक्याचे हात कानशीबरोबर वरखाली डुलतात, आणि तुकडा कडांना जास्त घासला जातो, मधे फुगीर राहतो. त्याला आमच्याकडं म्हणायचे, जॉबला, म्हणजे त्या तुकड्याला, पोट आलं. तपासायचं कसं, तर गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची लोखंडी पट्टी, कडेवर ठेवायचा आणि ते तसंच डोळ्यांसमोर, खिडकीच्या दिशेला धरायचं. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेड दिसला, म्हणजे तिथं फट आहे. जॉब नापास.

जगात सगळीकडं उजेड दिसला की माणसं खूश होतात. आमच्या वर्कशॉपमध्ये उजेड दिसला की कपाळाला हात.

"उजेड हाय," मामा माझा तुकडा खिडकीकडं धरून म्हणायचा. "ह्या बाजूला थोडा, त्या बाजूला तर बिलकुल दिवाळी हाय."

"तुमचा दाखवा ना मग!"

त्याचा तो दाखवायचा. मिलमध्ये इतकी वर्षं लोखंडाशी गाठ, त्यामुळं हात बसलेला. केसाएवढीही फट नसायची. पण लिहिण्याच्या तासाला बाजी उलटायची. मायक्रोमीटरचं गणित आलं की मामाला घाम फुटायचा. दशांश चिन्ह त्याला बघवत नसे. "एवढासा ठिपका, अन् सगळा हिशोब फिरवतो," असं पुटपुटायचा. मग घरी पोरगी त्याला बसवून शिकवायची. सातवीतली पोरगी, चाळिशीचा विद्यार्थी. तिनं त्याच्या वहीत लाल पेनानं 'पुन्हा सोडवा' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलंय.

एक गंमत राहिलीच. आमच्या रजेच्या अर्जात खाली एक खाना असे: पालकाची सही. मामानं पहिल्यांदा रजा मागितली तेव्हा दोन्ही ठिकाणी स्वतःच सही ठोकली. सर म्हणाले, "स्वतःच स्वतःचे पालक कसे होता हो?" दुसऱ्या वेळी बायकोची सही आणली. ऑफिसच्या खिडकीतल्या क्लार्कनं अर्ज परत दिला, पत्नी पालक होत नाही म्हणून. आई-वडील दोघंही वारलेले. मामानं थोडा वेळ तो खाना बघितला आणि अर्जाची घडी घालून खिशात टाकली.

"मंग रजाच नको. सही करणारं कोणी न्हाई आपल्यावर," असं म्हणून हसला. आणि खरोखर दोन वर्षांत त्यानं एकही रजा घेतली नाही. तापानं फणफणलेला असतानाही आला होता, आणि दारात उभा राहून मोजलं होतं.

आता माझ्या कारस्थानाकडं येतो.

सप्टेंबरच्या सुमारास एकदा मी दोन दिवस दांडी मारून भोकरदनला गेलो. सोमनाथच्या कॉलेजात त्याच्या शेजारी चोरून बसलो. नवीन पोरं होती, नवीन विनोद होते, एका मास्तरांची नक्कल करून सगळे हसत होते आणि मी मास्तरांना पाहिलेलंच नव्हतं. सोमनाथनं माझी ओळख करून दिली, "हा आमच्या शाळेतला." शाळेतला! मी शेजारी बसलोय आणि हा मला शाळेतला म्हणतो. मला इतकं लागलं की चहा गोड होता का कडू तेही कळलं नाही. पण अक्कल बघा माझी. त्यावरून मी काय ठरवलं, तर आपणही इथंच यायचं. आत आलो की सगळं पहिल्यासारखं होईल. एक जागा रिकामी होती, सोमनाथनं ऑफिसात विचारून ठेवलं होतं. आठ-दहा दिवसांत शाळा सोडल्याचा मूळ दाखला, म्हणजे टीसी, जमा करायची होती. आणि टीसी अडकली होती जालन्यात, आयटीआयच्या कपाटात.

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर.

"हसनाबाद, मामा बोलून राह्यलो. काल मोजलं, एक कमी भरला. आज मोजलं, तरी एक कमी. तब्येत बराबर हाय ना?"

"बरीय," मी म्हणालो.

"मंग ये उद्या. व्हाईस एकट्याला मोठा होऊन राह्यलाय."

मला काय झालं कोणास ठाऊक, मी पटकन फोन ठेवला. सोमनाथनं विचारलं, कोण होतं? मी म्हणालो, "कोणी न्हाई." ते म्हटल्याची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी गेलो ते डोक्यात एकच किडा घेऊन. टीसी काढायला अर्जावर पालकाची सही हवी होती आणि पालक समोर हजर हवा होता. वडील तर येणार नव्हते. पण माझ्याच व्हाईसवर एक असा माणूस उभा होता, ज्याला सगळं जग आपणहून पालक समजत होतं!

मी मधल्या सुट्टीत त्याला लिंबाखाली गाठलं आणि सगळं सांगितलं. "मामा, फक्त एकदा माझे वडील व्हा. पाच मिनिटांचं काम आहे."

तो डब्यातली भाकरी तशीच हातात धरून बसला.

"वडलाला इचारलं?"

"ते ऐकणार न्हाईत."

"इचारलं का, ते इचारतोय मी."

"न्हाई."

त्यानं भाकरी डब्यात ठेवली. मला वाटलं आता शिव्या पडतील. पण तो म्हणाला, "माहे पण दोस्त होते शाळेत. मी मेंढरामागं गेल्तो, तर रोज मनात त्यांच्याशीच बोलायचो. वर्षानं आलो तर ते पुढं गेल्ते. त्यांचं काही चुकलं न्हाई. माहंबी न्हाई. पण कोणी जा म्हणलं न्हाई अन् कोणी थांब म्हणलं न्हाई, असंच झालं सगळं." मग बोट माझ्या छातीवर ठेवलं. "तू जायचं तर जा. पण अर्धा जॉब टाकून जाऊ नको. तो तुकडा पुरा कर. चारी कडांना उजेड दिसला न्हाई, का त्याच्या दुसऱ्या दिशी मी तुहा बाप. शब्द हाय माहा."

मला राग आला. पण दुसरा बाप कुठून आणू? झक मारत तयार झालो.

मग मी जे घासलं! सकाळी लवकरची एसटी पकडून यायचो, सुट्टीतही घासायचो. पहिले दोन दिवस रागानं घासलं, तर पोट आणखी वाढलं. रागानं कानस डुलते, हे मला तेव्हा कळलं. मामा मागं उभा राहून माझी कोपरं धरायचा. "पुढं जाताना दाब. मागं येताना फक्त ये. घाई कुठं हाय?" घाई होती ना! दिवस मोजकेच उरले होते, पण हे लोखंडाला कोण सांगणार? तिसऱ्या दिवशी पाय बरोबर पडले. चौथ्या दिवशी आवाज बदलला. करकर जाऊन एकसारखी सर्र अशी चाल आली. मंठा आपलं काम टाकून बघायला आला. धाकटा परतूर म्हणाला, "हे हसनाबाद येडं झालंय."

सहाव्या दिवशी सकाळी मी गुण्या कडेवर ठेवला, खिडकीकडं धरला, आणि काहीच दिसलं नाही. दुसरी कड. काही नाही. तिसरी. चौथी. मी डोळे चोळून पुन्हा बघितलं. गुण्या आणि लोखंड एकमेकांना असे चिकटले होते की मधे काहीच नव्हतं. मला एकदम फार आनंद झाला. दहा वर्षांच्या शाळेत मी असं काही स्वतःच्या हातानं बरोबर केलं नव्हतं. सरांनी तुकडा उलटसुलट बघितला, गुण्या लावला, आणि कडेला माझा नंबर पंचानं, म्हणजे आकड्यांच्या लोखंडी ठशानं, ठोकायला सांगितलं. 

मामा फक्त म्हणाला, "उद्या."

दुसऱ्या दिवशी मामाचं काय रूप! वर्कशॉपचा निळा ड्रेस नाही. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, खांद्यावर रुमाल, कपाळाला अष्टगंध. माझ्या खऱ्या वडलांपेक्षा जास्त वडील दिसत होता. मी त्याच्याकडून वडलांचं नाव, गाव, सगळं पाठ करून घेतलं. दशांश चिन्ह बघितल्यासारखा घाबरला होता. पण शब्द दिला होता.

आम्ही ऑफिसच्या खिडकीपाशी गेलो. क्लार्क खाली मान घालून लिहीत होते.

"पोराची टीसी काढायचीय साहेब," मामा म्हणाला.

"पालक का?"

मामाचा हात आपोआप छातीकडं गेला. मी बघितलं. तिथंच अडला. ते वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं आणि त्यानं ते गिळलं. माझ्यासाठी गिळलं. मग बारीक आवाजात म्हणाला, "हा. पालक."

क्लार्कनी मान वर केली. चष्म्यातून नीट बघितलं.

"अहो, तुम्ही फिटरचे ना? रजेच्या अर्जावर बायकोची सही आणणारे?"

मामानं खांद्यावरचा रुमाल सारखा केला.

"कसले पालक! विद्यार्थी आहात तुम्ही! आणि ड्रेस कुठंय आज? विद्यार्थ्यानं ड्रेसशिवाय आत यायचं नाही, माहिती नाही का? जा, ड्रेस घालून या. मोठे आले पालक!"

मेलो, म्हटलं. आता नाव विचारतील, सरांकडं नेतील. मी मामाकडं बघितलं. तर हा माणूस हसत होता! कानापर्यंत मिशी पसरली होती. मला दंडाला धरून त्यानं ओढत बाहेर आणलं, लिंबाखाली नेलं आणि दोन्ही खांदे धरून गदागदा हलवलं.

"हसनाबाद! ऐकलं का? इद्यार्थी म्हणला! वरडला माह्यावर! ड्रेस घालून या म्हणला!"

"माझी टीसी, मामा!"

"आरं हो, टीसी." त्याचा चेहरा एकदम पडला. "माफ कर. माह्यानं काम बिघडलं तुहं. चल, जल्दी चल. आत्ताच हसनाबादला जाऊ, तुह्या वडलाशी मी बोलतो. खरं बोलतो. तुह्या मनात जायचं असंल तर काढू टीसी. मी आज सुट्टी टाकतो."

सुट्टी! ज्या माणसाच्या अर्जावर सही करायला कोणी नव्हतं, तो माझ्यासाठी सुट्टी टाकायला निघाला होता. ते पण मी त्याच्यापासून तुटून जावं म्हणून. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. त्या पांढऱ्या शर्टाची इस्त्री माझ्या हातांनी पार चुरगळली होती, कारण मी त्याला घट्ट धरलं होतं.

"राहू द्या मामा," मी म्हणालो.

"काय राहू दे?"

"उद्यापासून ड्रिलिंग सुरू होऊन राह्यलंय."

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. खरं बोलतोय की उपकार करतोय, हे तपासत होता, गुण्या लावल्यासारखं. मग म्हणाला, "बराबर हाय," आणि ड्रेस घालायला खोलीकडं पळाला. चाळिशीचा माणूस, तास बुडेल म्हणून पळत होता.

संध्याकाळी मी सोमनाथला फोन केला. येत नाही म्हणालो. तो हिरमुसला, मग म्हणाला, "बरं. दिवाळीत भेटू." आणि भेटलो. अजूनही भेटतो. त्या दिवाळीत त्यानं विचारलं, तुझा नवा दोस्त कोण? मी सगळं सांगितलं, मिशीसकट. वडलांनाही सांगितलं, टीसीसकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "त्या माणसाला एकदा जेवायला आण." तो विषय मात्र तिथं संपला नाही. मामा आला, जेवला, आणि निघताना आमच्या घरातल्या माणसांवरून हनुवटी फिरवून गेला.

आता मी जालन्यातच एका बियाण्याच्या प्लँटमध्ये मेंटेनन्सला आहे. मामाला पुण्याकडं एका कारखान्यात फिटर म्हणून बोलावणं आलं आणि तो बिऱ्हाड घेऊन गेला. तिथं त्याला काय म्हणतात, हे मी फोनवर सगळ्यात आधी विचारलं. म्हणाला, "आडनावानं. पुढं 'राव' लावून."  आमच्यातली सात-आठ पोरं कधी चहाला जमली की कोणीतरी हनुवटी हलवतं आणि म्हणतं, एक कमी हाय. कोणाबद्दल ते सांगावं लागत नाही.

पण मला तो दिसतो तो सर्टिफिकेट वाटपाच्या दिवशीचा. हॉलच्या दारात एक नवा माणूस उभा होता. तो म्हणाला, "पालकांनी मागच्या खुर्च्यांवर बसावं." मामाचा हात छातीकडं निघाला, तेवढ्यात आमच्यातले दहा-पंधराजण एकदम ओरडले, "पालक न्हाई, पोरगा हाय तो इथला!" सगळा हॉल मागं वळून बघायला लागला. तो नवा माणूस बिचारा दचकून बाजूला झाला.

आत टेबलावर रजिस्टर होतं. खिडकीतले तेच क्लार्क बसलेले. नाव, ट्रेड, विद्यार्थ्याची सही, आणि शेवटचा खाना. मामानं आपली सही केली आणि पेन खाली ठेवला. शेवटच्या खान्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. दोन वर्षांत सवय झाली होती.

"पालक आणलेत का?" क्लार्कनी विचारलं. चेष्टा नव्हती त्यात, नियम होता.

मामा काही बोलायच्या आत त्याच्या मागून त्याची पोरगी पुढं आली. दोन वेण्या, शाळेचाच ड्रेस. तिनं पेन उचलला, रजिस्टर स्वतःकडं ओढलं आणि जिभेचं टोक दातांत धरून पूर्ण नाव लिहिलं. एकही अक्षर रेषेच्या बाहेर नाही. शेजारी नातं लिहायचं होतं. तिथं तिनं लिहिलं, मुलगी.

मी क्लार्ककडं बघत होतो. आता म्हणतील, मुलगी पालक होत नाही. त्यांनी चष्मा काढला, सही वाचली, मामाकडं बघितलं. मग पान उलटून पुढच्याला हाक मारली.

पोरीनं पेनाला टोपण लावलं आणि वडलांकडं वळली.

"चला पप्पा, जा आता पुढं," ती म्हणाली. "पोरांच्या रांगेत बसा. मी मागं हाय."